लिष्टवाल्या देशाचे चीफ

त्या घरात भाजीसुद्धा निवडून यायची. निवडलेली नव्हे, निवडून आलेली.

दर शनिवारी सकाळी चीफ जेवणाच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद मांडत. एका कागदावर त्यांच्या पक्षाच्या भाज्या, दुसऱ्यावर काकूंच्या पक्षाच्या. मतदाराने कुठलाही एक कागद उचलायचा. त्यातलं एखादं नाव नको असेल तर त्यावर रेघ मारायची आणि तिथे समोरच्या पक्षाच्या यादीतलं आवडतं नाव लिहायचं. मग कागदाची घडी घालून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डब्याच्या झाकणाला चीफनी स्वतः फट कापली होती आणि कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून तिच्या कडा कानशीने घासल्या होत्या. मतमोजणी लगेच व्हायची. काकू पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहत आणि म्हणत, "आटपा लवकर. तुम्ही निवडून आणलीत की मला निवडायला घेता येईल."

कारलं हा चीफच्या पक्षाचा कायमचा उमेदवार. यादीत पहिल्या क्रमांकावर. मी त्या घरात होते तोवर तो एकदाही निवडून आला नाही. "जनतेचा निर्णय," असं म्हणून चीफ हार मान्य करत आणि पुढच्या शनिवारी कारल्याला पुन्हा उभं करत.

त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नीट जमेल की नाही, माहीत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे हे असं लिहितात का, हेही विचारायला कुणी नाही. पण आज मला जे थोडंफार बोलता येतं ते सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमुळे, जिथे शिकताना मी त्या दोघांकडे भाड्याची खोली घेऊन राहिले, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. जहाजावरचे. सत्तरी ओलांडलेली, उंच, पाठीत किंचित वाकलेले. जहाजावरच्या खालच्या दारांमुळे वाकलो, असं ते सांगत. निवृत्त झाले तरी फ्रिजजवळून जाताना त्याच्या अंगाला तळहात लावून क्षणभर ऐकत उभे राहत. स्वयंपाकघराला ते इंजिन रूम म्हणत आणि झोपायच्या खोलीला केबिन. त्यांना 'काका' म्हटलेलं आवडत नसे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'फोर्थ' करून टाकलं, म्हणजे जहाजावरचा सगळ्यात ज्युनिअर इंजिनिअर. काकू मात्र मला 'बाळ' म्हणत. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

याद्यांची ती पद्धत त्यांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. युरोपात स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये लिश्टनस्टाइन नावाचा एक चिमुकला देश आहे. चाळीसेक हजार वस्ती, अकरा गावं. आमच्या एकट्या वुडलँड्सच्या वस्तीत तसे कितीतरी देश मावतील. तिथल्या संसदेत पंचवीस माणसं बसतात, तीही आपापला नोकरीधंदा सांभाळून. मतदाराला प्रत्येक पक्षाची यादी मिळते. त्याने एक यादी घ्यायची, हवी ती नावं खोडायची, दुसऱ्या पक्षातली माणसं आवडत असतील तर त्यांची नावं हाताने लिहायची. दर चार वर्षांनी ती निवडणूक आली की चीफ सिंगापुरात बसून अकराही गावांचा निकाल पाहत. मधल्या काळात त्यांच्या संसदेतल्या चर्चा लॅपटॉपवर लावत. सगळं जर्मनमध्ये. चीफना जर्मन येत नव्हतं.

"समजतं काय तुम्हाला?" काकू विचारत.

"आवाजावरून समजतं. इंजिन नीट चाललंय की नाही ते आवाजावरून समजत नाही?"

काकू त्या देशाला 'लिष्टवाला देश' म्हणत. "नावातच लिष्ट आहे, लिष्टनष्टाइन. तो देश दुसरं काय करणार?"

एवढे देश पाहिलेल्या माणसाने हाच का धरला, असं मी एकदा विचारलं होतं. चीफ म्हणाले, "सगळा जन्म पाण्यावर काढला मी. आणि हा असा देश आहे, फोर्थ, की त्याला समुद्र नाही आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही समुद्र नाही. तिथल्या माणसाला बुडायचं म्हटलं तरी दोन सरहद्दी ओलांडाव्या लागतील."

"नदी असेल की," काकू आतून म्हणाल्या.

"नदी आहे," चीफनी नाइलाजाने कबूल केलं.

खरं कारण मला हळूहळू कळलं. चीफनी आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. भारतात जेव्हा जेव्हा निवडणूक आली तेव्हा ते पाण्यावर होते. पुढे सिंगापुरात स्थायिक झाले, पण पासपोर्ट भारताचाच ठेवला, त्यामुळे इथेही मत नाही. काकूंनी लग्नाआधी एकदा चिपळूणला मत दिलं होतं आणि त्या ते विसरू देत नसत. वाद रंगला की त्या डाव्या हाताचं बोट वर करत. "मी दिलंय हो. शाई लावून घेतली आहे."

असं ते घर. तिघं राहणारे, तिघांनाही राहत्या देशात मत नाही, आणि मतदान दर आठवड्याला.

तिघं म्हटलं खरं, पण सुरुवातीला मलाही त्या घरात मत नव्हतं. मी गेल्यावर पहिल्या शनिवारी चीफनी खुलासा केला, "तिथे तीनातला एक रहिवासी परदेशी असतो. राहतो, काम करतो, कर भरतो, पण मत नाही. तुझं तसं आहे."

मी म्हटलं, "चालेल."

चीफनी चष्मा काढला. "चालेल म्हणजे काय? पटलं, की नाही पटलं?"

"नाही, म्हणजे, चालेल."

"चालेल हे मत नव्हे, फोर्थ. चालेल म्हणजे इंजिन बंद असताना प्रवाहाबरोबर वाहत जाणं."

मला फार लाज वाटली. चालेल हा आमच्या घरातला सगळ्यात सभ्य शब्द होता. माझे वडील बार्शीला टेम्पो चालवतात. शेठ म्हणाला उद्या ये, तर चालेल. डॉक्टर म्हणाले बाहेर थांबा, तर चालेल. आम्हाला सहसा कुणी काही विचारत नसे, आणि चुकून विचारलंच तर चालेल म्हणायचं, म्हणजे समोरच्याला पुन्हा विचारायचा त्रास होत नाही. हेच मी शिष्यवृत्तीबरोबर सिंगापूरला घेऊन आले होते. कॉलेजात लहान गटांचे तास असत आणि त्यात बोलण्याला गुण होते. आमच्या प्राध्यापक बाई कुणाचंही नाव घेऊन विचारत, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे तोवर मला कुणी विचारलेलंच नव्हतं, म्हणून काय वाटतं ते मलाही ठाऊक नसायचं. मी म्हणायची, "आय ॲग्री." ते माझं इंग्रजीतलं चालेल होतं. पहिल्या सत्रात माझे गुण असे घसरले की शिष्यवृत्तीवाल्यांनी बोलावून समज दिली.

हे मी चीफना सांगितलं नव्हतं. त्यांना ते बहुधा आवाजावरूनच कळलं असावं.

दर रविवारी सकाळी ते मला खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफी प्यायला नेत. तिथली कोपी, म्हणजे सिंगापुरी कॉफी, विकणारी चिनी बाई त्यांना ओळखायची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "कोपी? तेह?" तेह म्हणजे चहा. मी सवयीने म्हटलं, "एनीथिंग." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एनीथिंग डोन्ट हॅव, लाह! कोपी ऑर तेह?" चीफ इतके खूश झाले की त्यांनी टेबलावर थाप मारली. "ही बाई माझ्या पक्षाची!" मग कितीतरी दिवस मी तिथे दिसले की ती लांबूनच ओरडायची, "टुडे ऑल्सो एनीथिंग आह?"

कोपी समोर आली की चीफ मला त्या लिष्टवाल्या देशातले प्रश्न घालत. रस्ता रुंद करावा का. पन्नास माणसांच्या वस्तीसाठी बस सोडावी का. मी "दोन्ही बाजू बरोबर आहेत" म्हटलं की ते माझा कप आपल्याकडे ओढून घेत आणि उत्तर मिळाल्यावर परत सरकवत. पहिल्या रविवारी मी गार कोपी प्यायले.

दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी चीफ जेवणाआधी टेबलाशी उभे राहिले. "तिथे काही परदेशी माणसांना गावचे लोक मत देऊन नागरिक करून घेतात. या घरात तसा एक अर्ज विचारात घ्यायचा आहे. फोर्थ, तू बाहेर जा. अर्जदार समोर असताना मतदान होत नाही."

मी अर्ज वगैरे केलेला नव्हता. तरी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. शेजाऱ्यांचे कपडे वाळत होते. हे सगळं गमतीत चाललंय, असं मी स्वतःला सांगत होते. पण मला खरंच भीती वाटत होती.

आत बोलावलं तेव्हा चीफनी डबा उघडला. पहिला कागद उलगडला. "हो." दुसरा उलगडला आणि ते थबकले. "हो," ते सावकाश म्हणाले, "पण खाली लिहिलंय, भात निवतोय."

"निवतोयच," काकू म्हणाल्या.

"मतपत्रिकेवर शेरा लिहिला की मत बाद होतं."

"करा बाद. भात तरी गरम खा."

चीफ कागद हातात धरून बसले. त्या वेळी त्यांचा चेहरा खऱ्या न्यायाधीशासारखा झाला होता. शेवटी म्हणाले, "मतदाराचा हेतू स्पष्ट आहे. मत ग्राह्य. दोन विरुद्ध शून्य." मग माझ्याकडे वळून, "अभिनंदन. शनिवारी वेळेवर यायचं."

मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले.

मत मिळालं, पण ते वापरणं मला जमेना. दर शनिवारी मी काकूंची यादी उचलायची आणि जशीच्या तशी डब्यात टाकायची. चीफ चिडत. "रेघ मार! रेघ मारल्याशिवाय यादी तुझी होत नाही. ती काकूचीच राहते." मी खरं कारण सांगितलं. आमच्याकडे एकाची पुस्तकं पुढच्या वर्षी दुसऱ्या चुलत भावंडाला जात, त्यामुळे पुस्तकावर पेन लावलं की मार बसायचा. लिहून आलेल्या कागदावर रेघ मारायला माझा हात उचलतच नाही. चीफनी ते नीट ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बरं. थांबू आपण."

त्या देशात ते एकदाच गेले होते, तरुणपणी. इंजिनाचं एक प्रशिक्षण घ्यायला कंपनीने त्यांना स्वित्झर्लंडला पाठवलं होतं. एका रविवारी सुट्टी म्हणून बसने पूल ओलांडून पलीकडे गेले. बर्फ पडलेलं. एका छोट्या खानावळीत शिरले. कॉफी देणारा माणूस मध्येच ॲप्रन काढून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. कुठे गेला होतास, तर म्हणे मत द्यायला. तो स्वतःच उमेदवार होता! त्याने मोडक्या इंग्रजीत चीफना सगळी पद्धत समजावली आणि मग हसत सांगितलं की त्याने यादीतलं आपलंच नाव खोडलं आणि तिथे समोरच्या पक्षातल्या शेजाऱ्याचं लिहिलं. का? तर शेजाऱ्याला हिशेबातलं जास्त कळतं.

"मग तो हरला का?" मी विचारलं.

"संध्याकाळी बस पकडायच्या आधी परत गेलो तर कॉफी देत होता. शेजारी समोर बसून पीत होता. मी विचारलं नाही."

काकूंचा या गोष्टीवर विश्वास नव्हता. "दर वेळी तो माणूस वेगळा असतो, बाळ. मागे तो बेकरीवाला होता. त्याच्या आधी न्हावी." चीफ म्हणत, "छोटा देश आहे. एका माणसाला दोन-तीन कामं करावी लागतात."

दुसऱ्या सत्रातल्या एका तासाला बाईंनी विचारलं, मतदाराने पक्ष घ्यायचा तर अख्खाच घ्यायला हवा का? माझा हात कसा वर गेला मला कळलं नाही. मी त्या देशाबद्दल सांगितलं, याद्या, रेघा, हाताने लिहिलेली नावं. मग भाज्यांबद्दलही सांगून बसले. मुलं हसली, पण चांगलं हसली. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि तू स्वतः काय खोडलंस?"

मी म्हटलं, "अजून काहीच नाही."

ते मी चीफना घरी येऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. "खरं बोललीस. ते जास्त महत्त्वाचं."

त्याच सुमाराला घरात खरा वाद सुरू झाला. काकूंना चिपळूणला परत जायचं होतं. गुडघे दुखत होते, बहीण तिकडे एकटी होती. "मला बोलायला माणूस हवं," त्या म्हणाल्या.

"मी आहे ना?"

"तुम्ही लिष्टनष्टाइनमध्ये असता."

चीफना जायचं नव्हतं. ते रोज संध्याकाळी चालत पाण्याकाठच्या जेट्टीवर जात आणि पलीकडचं मलेशियातलं जोहोर आणि मधलं काळपट पाणी पाहत बसत. "एवढं समुद्र नसलेल्या देशाचं कौतुक," काकू म्हणत, "आणि बसायला मात्र रोज पाणी लागतं." चीफ यावर चिडत नसत. एकदा हळूच म्हणाले, "लागतं खरं."

ते गेले तर माझी खोली जाणार होती. खोली दुसरीकडे मिळाली असती. पण शनिवारी माझं मत मोजणारं घर मला कुठे मिळणार होतं? मी नुकती कुठे बोलायला लागले होते. ते गेल्यावर मी पुन्हा "आय ॲग्री"वर येईन, अशी माझी खात्री होती.

चीफ म्हणाले, "मतदान घेऊ. फेब्रुवारीत त्यांची निवडणूक आहे. त्याच रविवारी."

"हिलाही मत?" काकूंनी विचारलं. मला वाटलं त्या नको म्हणणार. त्या म्हणाल्या, "मग हिचंच ठरणार की. तुमचं एक, माझं एक. बिचारीवर कशाला टाकता?"

"नागरिक आहे ती. आपणच केलंय."

त्या आठवड्यात चीफनी आचारसंहिता लागू केली. रोज सकाळचा चहा ते मला करून देत, तो बंद केला, कारण ते मतदाराला आमिष ठरेल. उलट काकू रोज थालीपीठ लावत होत्या.

"ही लाच आहे," चीफ पेपरामागून म्हणाले.

"आहेच. तूप वाढू का गं?"

रविवारी दुपारी याद्या आल्या. चीफची यादी, राहायचं: हाच फ्लॅट. संध्याकाळी पाणी. खालची कोपी. फोर्थची पदवी. काकूंची यादी, जायचं: चिपळूण. माझी बहीण. यांचं एकदा तरी मतदान. बाळाला आधी चांगली खोली.

चीफनी काकूंच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हा प्रचार आहे."

"मग? निवडणूक नाही का?"

मी दोन्ही कागद घेऊन माझ्या खोलीत गेले. दोघांच्याही यादीत मी होते, आणि दोघांनीही मला शेवटी लिहिलं होतं, जसं पानात गोड शेवटी वाढतात. चीफची यादी जशीच्या तशी टाकली असती तर कुणीच मला काही म्हणालं नसतं. माझी पदवी, माझी खोली, माझा शनिवार, सगळं तिथे लिहिलेलं होतं. काकू पुन्हा गुडघा धरून लिफ्टची वाट पाहत राहिल्या असत्या आणि त्यांनी तेही सोसलं असतं. मला काय वाटतं, हे त्या दिवशी मला अगदी स्पष्ट कळत होतं, आणि ते कळलेलं मला मुळीच आवडत नव्हतं. मी पेन उचललं. रेघ वाकडी आली.

संध्याकाळी लॅपटॉपवर तिथल्या गावांचे निकाल येत होते. चीफनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी डबा उघडला.

पहिला कागद. "राहायचं. बदल नाही."

दुसरा. "जायचं. बदल नाही."

तिसरा त्यांनी उलगडला आणि चष्मा पुसून परत घातला. "जायचं," ते म्हणाले. मग पुढे वाचलं, "चौथं नाव खोडलेलं आहे. बाळाला आधी चांगली खोली, हे खोडलंय. तिथे समोरच्या यादीतलं लिहिलंय. संध्याकाळी पाणी."

फ्रिजचा आवाज तेवढा येत होता.

"अगं, स्वतःची खोली खोडलीस?" काकू म्हणाल्या.

"कुणी खोडली ते सांगता येत नाही," चीफ म्हणाले. "मतदान गुप्त असतं." ते उठले, टेबलाला वळसा घालून काकूंसमोर गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन. जनतेचा निर्णय."

काकूंना काय करावं कळेना. त्यांनी पदराला हात पुसला आणि मग तो त्यांच्या हातात दिला. एवढ्या वर्षांच्या संसारात ते दोघं पहिल्यांदाच हस्तांदोलन करत असावेत.

"हरलो," चीफ माझ्याकडे वळून म्हणाले, "पण माझा एक उमेदवार काकूच्या यादीतून निवडून आला. पाणी." मग कागदावरच्या त्या वाकड्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आता तुझी यादी."

"आणि खोली मी बघणारच आहे," काकू मला म्हणाल्या. "ते काय यादीत असावं लागतं?" मग लॅपटॉपकडे पाहून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "कोण आलं हो तुमच्या लिष्टनष्टाइनला?" आणि चीफनी त्यांना गावागावाचा निकाल सांगितला. त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

परीक्षा झाल्यावर ते गेले. काकूंनी बुओना व्हिस्टाजवळ एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे माझी सोय लावून दिली आणि त्या वहिनींना बजावलं, "ही चालेल म्हणाली तर ऐकू नका. पुन्हा विचारा." बिस्किटांचा डबा चीफनी माझ्याकडे ठेवला. जहाज सोडताना चीफ हत्यारं पुढच्याच्या ताब्यात देतो, म्हणाले. चिपळूणला त्यांनी तळमजल्यावरची जागा घेतली आहे. खिडकीतून वाशिष्ठी नदी दिसते. कसलेल्या दर्यावर्दीला नदी म्हणजे काहीच नाही, पण संध्याकाळी ते खिडकीशी बसतात, असं काकू सांगतात.

तासाला मी अजूनही पहिल्या दमात बोलू शकत नाही. आधी मनातल्या मनात कप ओढून घेतल्यासारखं करते. मग बोलते. शिष्यवृत्ती टिकली आहे.

पुढे तिकडे नगरपरिषदेची निवडणूक लागली. त्या दिवशी मी तास संपवून बाहेर आले तर काकूंचा व्हिडिओ कॉल. "हे बघ, हे बघ यांचं." स्क्रीनवर चीफचं बोट इतकं जवळ होतं की नुसता काळा डाग दिसत होता.

"चीफ! दिलंत मत?"

"दिलं."

"सरळ देतील तर ना," मागून काकू म्हणाल्या. "अख्खी रांग थांबवून ठेवली. विचारतात काय, तर यातलं एखादं नाव खोडून दुसरं लिहायचं असेल तर कुठे लिहायचं? तो अधिकारी पोरगेला, घाबरलाच. म्हणाला, आजोबा, इथे नुसतं बटण दाबायचं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बोट बाजूला झालं आणि चीफचा चेहरा दिसला. जरा ओशाळलेला.

"काय म्हणणार? चालेल म्हटलं."

"चीफ, चालेल हे मत नव्हे."

काकू एवढ्या हसल्या की फोन हलला. चीफनी तो स्थिर धरला आणि शाईचं बोट पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणलं.

"हे आहे," ते म्हणाले.